चिनी झग्यावरची नक्षी कानांनी कशी वाचावी

पुष्कळ वर्षांपूर्वी शेजारच्या पारशी काकूंनी कपाटातून मलमलीत गुंडाळलेला गारा, म्हणजे चिनी भरतकामाची पारशी साडी, काढून दाखवला. गडद जांभळं रेशीम आणि त्यावर पांढऱ्या दोऱ्याचं इतकं बारीक भरतकाम, की पदर हातात घ्यायची भीती वाटावी. मी स्वतः भरतकाम करते, त्यामुळे जाणकाराच्या थाटात म्हटलं, "फुलपाखरं काय सुरेख भरलीयत!" काकूंनी मान डोलावली. नंतर कधीतरी जुन्या चिनी झग्यांची छायाचित्रं चाळताना कळलं, की ती फुलपाखरं नव्हतीच. ती वटवाघळं होती.

साडीवर वटवाघूळ! आपल्याकडे ते घरात शिरलं तर माणसं केरसुणी घेऊन मागे लागतात. पण चिनी भाषेत वटवाघळाच्या नावात जे अक्षर येतं त्याचा उच्चार 'फू', आणि सुख-सौभाग्य या अर्थाचं अक्षर आहे त्याचाही उच्चार 'फू'. लिहायला वेगळी, ऐकायला एक. (गारे जिथून येत त्या दक्षिण चीनमधल्या कॅन्टन बंदराच्या बोलीत 'फूक' म्हणतात, पण तिथेही दोन्ही सारखीच.) कारागिराने तिथे प्राणी भरला नव्हता, आशीर्वाद भरला होता.

चिनी पेहरावावरची नक्षी पाहताना नवख्या माणसाची गाडी इथेच अडते. आपण डोळ्यांनी बघत बसतो आणि ती नक्षी तर कानांनी ऐकायची असते. आपल्या उखाण्यात नाव जसं शब्दांत लपवलेलं असतं, तसा इथे अर्थ आवाजात लपवलेला. खालच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने शिकले त्या क्रमाने नाहीत, ज्या क्रमाने शिकायला हव्या होत्या त्या क्रमाने आहेत. चिनी उच्चार ढोबळ दिले आहेत. त्या भाषेत सूर बदलला की शब्द बदलतो आणि देवनागरीत तो सूर उतरत नाही.

पहिली पायरी: नक्षी सोडा, बेत बघा

ड्रॅगन दिसला की लोक "राजाचा झगा" म्हणून मोकळे होतात. त्याआधी कपडा कोणता, कसा बेतलेला, हे बघायचं.

समोरचे दोन भाग एकमेकांवर तिरके येऊन बाजूला नाडीने बांधलेले, बाह्या ऐसपैस रुंद: हा हान, म्हणजे बहुसंख्य चिनी लोकांचा जुना पेहराव, हानफू. मिंग घराण्यापर्यंत (1368 ते 1644) त्याची वेगवेगळी रूपं चालू होती. मिंग दरबारात गोल गळ्याचे झगेही होते. 1644 मध्ये मांचू लोकांचं छिंग घराणं सत्तेवर आलं आणि त्यांनी हान पुरुषांवर आपला पोशाख आणि वेणी लादली. मांचू म्हणजे घोड्यावरची माणसं. त्यांचा झगा अंगासरशी, बाह्या निमुळत्या, बाहीचं टोक घोड्याच्या खुरासारखं पुढे आलेलं, घेराला स्वारीसाठी चिरा, आणि बटणं गळ्यापासून उजव्या बगलेकडे उतरत गेलेली. खुरासारखी बाही दिसली की छिंग, एवढं पहिल्या दिवशी पाठ केलं तरी पुरे.

हान बायकांवर मात्र ही सक्ती टिकली नाही. त्या वर सैल जॅकेट आणि खाली घागऱ्यासारखा 'मामियेन' घालत राहिल्या. मामियेनला पुढे आणि मागे एकेक सपाट, भरलेला पट्टा असतो आणि बाजूंना चुण्या. मांचू बायका एकसंध लांब झगा घालत. आपण ज्याला 'चिनी ड्रेस' म्हणतो तो छीपाओ फार अलीकडचा, 1920 च्या दशकात शांघायमध्ये फॅशनला आलेला.

आणखी एक सापळा: नाटकातले झगे. चिनी संगीतनाटकातल्या राजाच्या झग्यावरही मोठाले ड्रॅगन असतात, जाड सोनेरी दोऱ्याने, शेवटच्या रांगेतून दिसावेत असे भरलेले. पण त्याचा बेत मिंग धाटणीचा असतो, गळा गोल असतो आणि बाहीच्या टोकाला पांढऱ्या रेशमाची लांब झालर जोडलेली असते. तिला 'पाण्याची बाही' म्हणतात. बाजारात "राजघराण्यातला" म्हणून विकायला आलेला झगा कधीकधी रंगमंचावरून उतरलेला असतो. संगीत नाटकातल्या भरजरी अंगरख्याला पेशव्यांचा अंगरखा म्हणण्यासारखंच ते.

दुसरी पायरी: खालून वर वाचत जा

छिंग दरबारी झगा वरून खाली वाचला तर गोंधळ होतो. घेरापासून सुरुवात करा. अगदी खाली रंगीत तिरके पट्टे दिसतील. त्यांना 'लीश्वेइ' म्हणतात, म्हणजे उभं पाणी. त्यावर फेसाळत्या लाटा. लाटांतून पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना डोंगर वर आलेले. त्यांच्या वर ढग आणि ढगांत ड्रॅगन. पाणी, जमीन, आकाश असं सगळं विश्व अंगावर. झगा खुंटीला टांगलेला असतो तेव्हा हे चित्र अर्धवट असतं. माणूस आत शिरला आणि त्याचं डोकं गळ्यातून वर आलं, की त्या विश्वाला मधला खांब मिळतो.

उभ्या पाण्याचे पट्टे काळ ओळखायलाही थोडे उपयोगी पडतात. अठराव्या शतकातल्या झग्यांवर ते आखूड असतात, एकोणिसाव्या शतकात उंच होत जातात. ढोबळ खूण आहे, तिच्यावर पैज लावू नका.

तिसरी पायरी: मोजा

आता ड्रॅगनकडे वळायला हरकत नाही, पण बोटं मोजत.

चिनी ड्रॅगन म्हणजे 'लोंग'. युरोपातल्या गोष्टींतला आग ओकणारा, राजकन्येला पळवणारा राक्षस तो नव्हे. हा पाऊस आणणारा, ढगांत राहणारा, शुभ प्राणी. पायाला पाच नखं असली तर लोंग, चार असली तर 'मांग'. नियमाने पाच नखांचा बादशहा आणि त्याच्या जवळच्या वर्तुळासाठी, चार नखांचा खालच्यांसाठी. एकोणिसाव्या शतकात हा नियम सैल झाला आणि पाच नखं बऱ्याच अंगांवर दिसू लागली. म्हणून नुसत्या नखांवरून मालक ठरवायला जाऊ नये.

मग ड्रॅगन मोजा. छातीवर एक, पाठीवर एक, दोन खांद्यांवर दोन, खाली पुढे दोन, मागे दोन: आठ झाले. दरबारी झग्यावर असतात नऊ. नववा कुठे? समोरचा वरचा भाग उचलून बघा, तो आतल्या भागावर लपलेला असतो. गंमत अशी की पुढून पाहिलं तर पाच दिसतात, मागून पाहिलं तरी पाच. नऊ आणि पाच हे दोन्ही अंक बादशाही मोठेपणाचे. झगा घालणाऱ्याने एकाच कपड्यात दोन्ही बसवले.

रंगाचंही असंच. झगझगीत पिवळा बादशहाचा, जर्दाळूसारखा पिवळा युवराजाचा, सोनेरी पिवळा इतर राजपुत्रांचा. निळे झगे अधिकारी आणि सरदारांचे, म्हणूनच संग्रहालयांत निळेच पुष्कळ दिसतात. आपल्याकडे पिवळं म्हणजे हळद, कुणाच्याही अंगणातली. तिथे तो रंग अंगावर घालायला परवानगी लागे.

बादशहाच्या झग्यावर ड्रॅगनांच्या गर्दीत बारा छोटी चिन्हं असतात. ती शोधणं हा लहान मुलांच्या चित्रकोड्यासारखा खेळ आहे. डाव्या खांद्यावर सूर्य, त्यात तीन पायांचा कावळा किंवा कोंबडा. उजव्या खांद्यावर चंद्र, त्यात उखळात अमृत कुटणारा ससा. (आपणही चंद्राला शशांक म्हणतो. आपला ससा काही कुटत मात्र नाही.) छातीशी तीन तारे, पाठीवर डोंगर. कमरेच्या आसपास ड्रॅगनची जोडी, रंगीत फेझंट पक्षी, कुऱ्हाड आणि पाठीला पाठ लावलेल्या दोन आकड्यांसारखं दिसणारं 'फू' नावाचं चिन्ह. हा 'फू' वटवाघळाचा नव्हे, अक्षर निराळं. त्याखाली पूजेच्या पेल्यांची जोडी, पाणवनस्पती, ज्वाळा आणि धान्याचे दाणे. या बारांचा उल्लेख फार प्राचीन ग्रंथांत आहे. छिएनलोंग बादशहाने 1759 मध्ये दरबारी पेहरावाचे सचित्र नियम करवून घेतले आणि 1766 पासून ते अमलात आणले, तेव्हा ही चिन्हं पुन्हा बादशहाच्या अंगावर पक्की झाली. राजेशाही संपल्यावर 1912 मध्ये नव्या प्रजासत्ताकाचं बोधचिन्ह करायचं काम लेखक लू शुन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांकडे आलं, तर त्यांनीही हीच बारा चिन्हं घेतली. बादशहा गेला, त्याचा झगा काही सुटला नाही.

चौथी पायरी: छातीवरचा चौकोन

अधिकाऱ्यांच्या छातीवर आणि पाठीवर भरतकामाचा चौकोनी तुकडा असे. त्याला 'बूझ' म्हणतात. 1391 मध्ये मिंग दरबाराने तो नियमात बसवला. मुलकी अधिकाऱ्यांना पक्षी, लष्करी अधिकाऱ्यांना चतुष्पाद. कारकुनी करणारे उडणारे आणि लढणारे नखावाले, अशी ती वाटणी.

छिंग काळातली मुलकी उतरंड वरून खाली अशी: क्रौंच, सोनेरी फेझंट, मोर, रानहंस, रुपेरी फेझंट, बगळा, मंदारिन बदक, लावा आणि नवव्या पायरीवर स्वर्गीय नर्तक. आपल्याकडे मोराला पहिलं पान मिळालं असतं, तिथे तो तिसरा. सगळे एकदम पाठ करू नका. क्रौंच पांढरा आणि डोक्यावर तांबडी टोपी. मोराच्या पिसाऱ्यात डोळे. लाव्याला शेपूट जवळजवळ नाहीच. रुपेरी फेझंटच्या शेपटीची पिसं करवतीसारखी दातेरी. हे चार ओळखता आले की बाकीचे हळूहळू जमतात. लष्करात सर्वांत वर छीलिन हा खवल्यांचा काल्पनिक प्राणी, मग सिंह, बिबट्या, वाघ, अस्वल असं खाली येत नवव्या पायरीला समुद्रघोडा. हा समुद्रघोडा म्हणजे मत्स्यालयातला नव्हे. लाटांवरून धावणारा सरळसरळ घोडा. गेंडाही या यादीत आहे, पण भरणाऱ्यांनी गेंडा पाहिलेला नसावा. तो बैलासारखा दिसतो.

चौकोनाच्या कोपऱ्यात लाल सूर्य असतो आणि पक्षी त्याच्याकडे मान वळवून बघत असतो. सूर्य म्हणजे बादशहा. अधिकाऱ्याने कुठे बघायचं हे छातीवरच लिहिलेलं. बायकोलाही नवऱ्याच्या पदाचा चौकोन मिळे, पण तिच्यावरचा पक्षी उलट्या दिशेला तोंड करी. दोघं शेजारी बसली की पक्षी एकमेकांकडे बघत.

मिंग की छिंग हे ओळखायची सोपी खूण: छिंगमध्ये चौकोन समोरून उघडणाऱ्या वरच्या कोटावर असे, म्हणून छातीवरचा तुकडा मधोमध दोन भागांत कापलेला. मिंगमध्ये तो सलग आणि त्यावर बहुधा पक्ष्यांची जोडी. छिंगच्या अखेरीला पक्षी वेगळा भरून वरून टाचायची पद्धतही निघाली. तेव्हा पदं पैसे भरून मिळत. बढती झाली की जुना पक्षी उसवायचा आणि नवा लावायचा.

पाचवी पायरी: मोठ्याने म्हणा

इथवरचं सगळं दरबाराचं होतं आणि दरबाराचे नियम कुठेही छापील सापडतात. खरी मजा घरगुती कपड्यांत, विशेषतः बायकांच्या जॅकेटांच्या बाह्यांवर आहे. तिथे नियम नव्हते, इच्छा होत्या.

कृती अशी. जे दिसतं त्याचं चिनी नाव काढा. फोनवरचा शब्दकोश चालतो. ते मोठ्याने म्हणा. मग त्याच उच्चाराचं दुसरं, शुभ अर्थाचं अक्षर कोणतं ते बघा.

वटवाघळापासूनच सुरू करू. वटवाघूळ लाल असेल तर 'होंग फू'; 'होंग' म्हणजे लाल आणि त्याच उच्चाराचा दुसरा शब्द आहे अफाट. म्हणजे अफाट सुख. वटवाघूळ उलटं लटकत असेल तर 'दाओ', म्हणजे उलटं. आणि 'दाओ' म्हणजे पोचलं. सुख पोचलं! (नववर्षाला दारावर फू हे अक्षर उलटं चिकटवतात त्यामागेही हाच खेळ आहे.) वटवाघळाशेजारी मधे भोक असलेलं नाणं असेल तर आणखी वरची पायरी. नाण्याचं 'छिएन' समोर या अर्थाच्या 'छिएन'सारखं ऐकू येतं आणि नाण्याच्या भोकाला 'येन', म्हणजे डोळा, म्हणतात. पूर्ण वाक्य: सुख डोळ्यांसमोर आहे. पाच वटवाघळं गोल फिरत असतील तर ती पाच सुखं: दीर्घायुष्य, संपत्ती, निरोगी शांत जीवन, सदाचाराची आवड आणि वय होऊन आलेला सहज मृत्यू. मधे 'शोऊ', म्हणजे दीर्घायुष्य, हे अक्षर गोलाकार काढलेलं असतं. ते प्रथम पाहणाऱ्याला जाळीची नक्षी वाटतं.

आता मांजर आणि फुलपाखरू. बाहीवर मांजर उडी मारून फुलपाखरू धरतंय, असं गोड चित्र दिसलं तर मांजरप्रेमाची खूण समजू नका. मांजर 'माओ', फुलपाखरू 'द्ये'. 'माओद्ये' म्हणजे ऐंशी-नव्वदीचं पिकलं वय. आजीच्या वाढदिवसाची भेट आहे ती.

कमळाशेजारी बगळा. बगळा 'लू' आणि वाट हीसुद्धा 'लू'. कमळ 'ल्येन' आणि लागोपाठ हेही 'ल्येन'. एका वाटेने लागोपाठ परीक्षा पास होत जा, असा तो आशीर्वाद. ज्या समाजात शतकानुशतकं सरकारी परीक्षेवर घराण्यांचं नशीब ठरलं, तिथे बगळ्याला हे काम मिळावं यात नवल नाही. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत चिकटवायला हरकत नाही!

कमळासोबत मासा असेल तर 'ल्येन' पुन्हा लागोपाठ आणि मासा 'यू', म्हणजे शिल्लक; वर्षानुवर्षं घरात काहीतरी उरो. फुलदाणी 'पिंग', तीच शांतता. हरीण 'लू', म्हणजे सरकारी पगार. (हा तिसरा लू झाला; एकच आवाज किती कामं करतो बघा.) प्लमच्या फांदीवर मॅगपाय पक्षी: मॅगपायच्या नावात 'शी', म्हणजे आनंद, आणि प्लम 'मेइ', म्हणजे भुवई. आनंद भुवयांच्या टोकापर्यंत चढला. आपण आनंद पोटात मावेना म्हणतो, त्यांचा भुवयांवर चढतो. धाग्यावरून खाली उतरणारा कोळीही याच 'शी'मुळे शुभ, आनंद वरून खाली आला म्हणून.

सगळंच आवाजावर चालत नाही. काही चिन्हं स्वभावावरून आली. डाळिंबात दाणे भरपूर म्हणून पुष्कळ मुलं. पिओनी फुलाचा थाट म्हणून श्रीमंती. मंदारिन बदकं जोडीने पोहतात म्हणून नवराबायकोची निष्ठा. बांबू वादळात वाकतो, मोडत नाही म्हणून सज्जन. काही गोष्टींतून आली: पीच हे फळ चिनी पुराणकथांतल्या पश्चिमेच्या राणीमातेच्या बागेतलं, तीन हजार वर्षांनी एकदा पिकणारं, म्हणून दीर्घायुष्य. म्हणजे क्रम असा ठेवा: आधी आवाज, मग स्वभाव, मग गोष्ट.

पीच, डाळिंब आणि 'बुद्धाचा हात' ही तीन फळं एकत्र दिसली तर दीर्घायुष्य, मुलं आणि सुख यांची रेलचेल. बुद्धाचा हात म्हणजे बोटं फुटलेलं पिवळं फळ. त्याला 'फोशोऊ' म्हणतात, जे 'फू' आणि 'शोऊ'च्या जवळपास ऐकू येतं. हे आपल्या महाळुंगाच्याच जातीचं आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं महाळुंग आठवा आणि मग त्या जॅकेटाकडे पुन्हा बघा.

इथे एक सावधगिरी. चटक लागली की माणूस प्रत्येक पाकळीला अर्थ चिकटवत सुटतो. मीही सुटले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला काठापट्ट्या तयार विकत मिळत आणि कुणीही आवडली ती आणून शिवे. आपणही काठ घेताना त्यावरच्या कोयरीचा अर्थ विचारत नाही, रंग जुळतो का एवढंच बघतो. एकटं फूल पुष्कळदा नुसतंच फूल असतं. दोन-तीन गोष्टी मुद्दाम शेजारी ठेवलेल्या दिसल्या, मांजर-फुलपाखरू किंवा बगळा-कमळ अशा, तेव्हा वाक्य शोधायचं.

सहावी पायरी: ओळखीची चिन्हं परक्या नजरेने बघा

ही पायरी मराठी वाचकाला सोपी वाटते आणि म्हणूनच तो घसरतो. झग्यावर स्वस्तिक दिसतं. बौद्ध धर्माबरोबर ते भारतातून गेलं, पण तिथे त्याचं अक्षर झालं. 693 मध्ये सम्राज्ञी वू हिने त्याचा उच्चार 'वान' ठरवून दिला, म्हणजे दहा हजार. तेव्हा झग्यावरचं स्वस्तिक आकडा म्हणून वाचायचं. स्वस्तिक आणि 'शोऊ' शेजारी असतील तर दहा हजार वर्षांचं आयुष्य. स्वस्तिकांची न तुटणारी जाळी असेल तर न संपणारं काहीतरी शुभ.

तशीच अष्टमंगल चिन्हं: चक्र, शंख, छत्र, ध्वज, कमळ, कलश, माशांची जोडी आणि अखंड गाठ. अखंड गाठ म्हणजे आपलं श्रीवत्स. चिनी कारागिराने ती जशीच्या तशी घेतली आणि वर आपला कान लावला: कलश 'पिंग' झाला, मासे 'यू' झाले. एकाच टाक्यात बुद्धाचं मंगल आणि घरची शिल्लक दोन्ही. यांच्यात तलवार, बासरी, पंखा, भोपळा अशा वस्तू मिसळल्या असतील तर त्या अष्टमंगलातल्या नाहीत. त्या ताओ परंपरेतल्या आठ अमरांच्या खुणा. माणूस न काढता त्याच्या हातातली वस्तू तेवढी काढायची. विठोबा न काढता विटेवरची दोन पावलं काढावीत तसं.

सातवी पायरी: कुणासाठी, कधी?

लग्नात लाल. नवरीच्या कपड्यावर फंगह्वांग हा लांब शेपटीचा काल्पनिक पक्षी, आणि 'शी' हे आनंदाचं अक्षर जोडीने लिहिलेलं. एरवी दरबारी थाट ज्यांना बंद, त्या सामान्य घरच्या नवरीलाही त्या एका दिवशी मोठ्या घरच्यासारखं नटायची मुभा असे. 'शंभर मुलगे' ही नक्षीही बायकांच्या कपड्यांवर येते. पतंग उडवणारे, लपाछपी खेळणारे छोटे मुलगे सगळीकडे भरलेले. बीजिंगजवळच्या तिंगलिंग या मिंग बादशहा वानलीच्या कबरीत, 1956 ते 58 च्या उत्खननात, सम्राज्ञी शियाओजिंगची अशी जॅकेटं मिळाली. आपल्याकडे नवरीला नेसवतात त्या पिवळ्या साडीचं नाव अष्टपुत्री. आपण आठांवर थांबलो, एवढाच फरक. मुलींना मात्र दोन्हीकडे जागा नाही.

लहान मुलांचे कपडे मला सर्वांत आवडतात. वाघाच्या तोंडाची टोपी, वाघाच्या तोंडाचे बूट, भूतबाधा पळावी म्हणून. पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, उन्हाळ्याच्या तोंडावर, मुलाला पाच विषारी जीव भरलेलं बंडीसारखं वस्त्र घालतात: साप, विंचू, गोम, बेडूक, पाल. आपला काट्याने काटा काढण्याचा न्याय. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून कापडाचे तुकडे मागून आणून शिवलेला 'शंभर घरांचा' अंगरखाही असतो. इतक्या घरांनी मुलाला आपलं म्हटलं की अपमृत्यू फिरकत नाही. मुलं जगत नसली की दगडू, धोंडू, भिकू नावं ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना हे समजावून सांगावं लागलं नसतं.

दुःखात न रंगवलेलं पांढरं जाडंभरडं कापड, नक्षी नाही. पण मृताला जे घालतात त्याला 'दीर्घायुष्याचे कपडे' म्हणतात आणि त्यावर 'शोऊ' अक्षराची गोल नक्षी असू शकते. जुन्या बाजारात तसं जॅकेट वाढदिवसाचं समजून घेण्याआधी विक्रेत्याला दोनदा विचारा.

आठवी पायरी: उलटी बाजू

शक्य असेल तर कपड्याची आतली बाजू बघा. भरतकाम असेल तर गाठी आणि फिरवलेले दोरे दिसतात. 'केसी' हे विणकाम असेल तर रंगाचा बाणा त्या त्या आकारापुरताच फिरवलेला असतो आणि दोन रंग भेटतात तिथे उजेडात धरल्यावर बारीक फटी दिसतात. पैठणीच्या पदराची जातकुळी हीच, फक्त पैठणीत शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवून घेतात, म्हणून फट राहत नाही. नानजिंगच्या किनखापात सोन्याचा धागा मागावरच विणला जातो. विणलेली नक्षी महाग, भरलेली त्याखालोखाल, छापलेली पर्यटकांसाठी.

नववी पायरी: स्वतः घालणार असाल तर

शिआनला किंवा बीजिंगला गेलेले पर्यटक हल्ली हानफू भाड्याने घेऊन फोटो काढतात. बाकी काही चुकलं तरी चालेल, एक चुकवू नका. तुमचा डावा भाग उजव्यावर आला पाहिजे. समोरच्याला इंग्रजी छोटं 'वाय' (y) अक्षर दिसलं पाहिजे. उलट मिटलेला गळा मृताचा. कन्फ्यूशियसनेही म्हटलं होतं, की क्वान चोंग हा जुना मंत्री नसता तर आज आपण केस मोकळे सोडून डावीकडे गळा मिटत असतो, म्हणजे रानटी झालो असतो. आणि सेल्फीत पुढचा कॅमेरा बाजू उलटवतो. फोटो चढवण्याआधी तेवढं तपासा, नाहीतर खाली टिप्पण्यांची रांग लागेल.

सराव कुठे करायचा?

बीजिंगचं राजवाडा संग्रहालय, हांगचौचं राष्ट्रीय रेशीम संग्रहालय, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट यांचे झगे संकेतस्थळांवर मोठे करून पाहता येतात. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातल्या चिनी वस्तू आहेत. झगा नसला तरी बिघडत नाही. वटवाघूळ, पीच, कमळ, 'शोऊ' हीच मंडळी चिनी मातीच्या भांड्यांवरही बसलेली असतात. वही घेऊन जा, एका फुलदाणीसमोर अर्धा तास उभं राहा आणि दिसेल त्याचं नाव लिहून काढा. पहिल्या दिवशी तीन ओळखली तरी खूप.

आणि कुणाच्या घरी गारा असेल तर मात्र परवानगी घेऊन, हात धुऊन, अंगठी-बांगड्या काढून बघा. एकोणिसाव्या शतकात पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन कॅन्टनला जात आणि येताना घरच्या बायकांसाठी भरलेलं रेशीम आणत. क्रौंच, पॅगोडा, पिओनी, चिनी बाया-पुरुष असं सगळं तिथून आलं. पण जहाजातून नक्षी आली, तिचा आवाज कॅन्टनलाच राहिला. मुंबईच्या घरांत तिला नवी नावं पडली. लहान-मोठ्या ठिपक्यांना तर चक्क 'कांदा-पपेता' म्हणतात, कांदे-बटाटे. म्हणून गारा बघताना वहीत दोन रकाने करा: भरणाऱ्याने काय म्हटलं असेल आणि घरात काय म्हणतात.

हे सगळं शिकून झाल्यावर मी पुन्हा काकूंकडे गेले. गारा काढायला लावला आणि ती फुलपाखरं नसून वटवाघळं कशी, 'फू' म्हणजे काय, उलटं लटकलं तर काय होतं, हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग घडी घालता घालता म्हणाल्या, त्यांच्या सासूबाईंना हे ठाऊक होतं. पण घरातल्या मुली घाबरून साडी नेसेनात, म्हणून त्यांनीच सगळ्यांना फुलपाखरं सांगून ठेवलं होतं.